वाचक विचारतात : प्रोस्टेटची गाठ हाडातच का घर करते?

दोन अंकांपूर्वी याच पानावर म्हातारपणी रात्री चार-चारदा लघवीला का उठावं लागतं त्याबद्दल लिहिलं होतं. शेवटी जाता जाता एक ओळ घातली होती, की प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा, कॅन्सर पसरला तर बहुतेकदा हाडात जातो. उरलेला लेख वाया गेला म्हणायचा, कारण आलेली सगळी पत्रं त्या एका ओळीवर आहेत. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतून आली. एक सुरतेहून आलं, पण तेही मूळ शिरपूरचंच. नावं छापत नाही, गावंही थोडी इकडची तिकडे केली आहेत.

नव्या वाचकांसाठी सांगते, मी पॅथॉलॉजिस्ट. एकतीस वर्षं धुळ्यात मायक्रोस्कोपवर बसले. पेशंट कमी पाहिले, त्यांचे तुकडेच जास्त. तेव्हा ‘कोणती गोळी घेऊ’ हे मला विचारू नका, ते तुमच्या डॉक्टरांचं काम. ‘हे असं का होतं’ ते विचारा.

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, दर तीन महिन्यांनी इंजेक्शन चालू आहे. पाठ दुखते हे जुनंच. पण आठ दिवसांपासून पाय जड वाटतात म्हणतात. चालताना चप्पल मागे राहते आणि त्यांना कळत नाही. लघवीही तुंबते. गावात एक जण चांगली मालिश करतो, त्याच्याकडे नेलं तर चालेल का? (धरणगाव तालुका)

दादा, तुमचं पत्र माझ्या हाती पडलं तोवर त्यावरच्या तारखेला सहा दिवस झाले होते. खाली मोबाइल नंबर होता म्हणून बरं. मी सकाळी सहाला फोन करून तुम्हाला ओरडले. सहाला केला त्याची माफी मागते, ओरडले त्याची नाही.

बाकीच्यांनी एवढं वाचावं. प्रोस्टेटचा कॅन्सर असलेल्या माणसाच्या पायातली चप्पल निसटली आणि त्याला पत्ता लागला नाही, पायात मुंग्या आल्या, जिना चढताना गुडघे लटपटले, लघवी किंवा संडासवरचा ताबा गेला, यातलं काहीही झालं तर मणक्यातली गाठ मज्जारज्जूवर दाब देत असू शकते. ती वेळ मालिशची नव्हे, आणि मासिकाला पत्र लिहायचीही नव्हे. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जायचं, संपूर्ण पाठीचा एमआरआय करायचा. दुखतं तिथलाच करून भागत नाही, कारण दाब कधी कधी दोन ठिकाणी असतो. सूज उतरवायला आधी स्टेरॉइड देतात, मग रेडिएशन किंवा ऑपरेशन. उपचार सुरू होताना जो माणूस स्वतःच्या पायांवर उभा असतो तो बहुधा पुढेही चालतो. खाटेवरून उचलून आणलेल्याचे पाय परत येणं फार अवघड. मालिशवाल्यावर माझा राग नाही, पण कॅन्सरने पोखरलेल्या मणक्यावर तो गुडघा देणार असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

प्रश्न : आम्ही केळीवाले. अण्णांचं वय ७१. तीन वर्षांपूर्वी ऑपरेशन करून प्रोस्टेट पूर्ण काढलं. पीएसए (प्रोस्टेटच्या पेशींची रक्तात दिसणारी खूण) अगदी शून्याजवळ होता. आता वाढला आणि बोन स्कॅनमध्ये कमरेचे दोन मणके आणि एक बरगडी निघाली. गाठ मूत्राशयाच्या खाली, मग पाठीत कशी गेली? मधे एवढे अवयव सोडून हाडच का धरलं? आणि ग्रंथीच काढली तर तीन वर्षं ती होती कुठे? (रावेर तालुका)

तुम्ही एका पत्रात तीन प्रश्न विचारलेत. संशोधनानेही ते साधारण याच क्रमाने विचारले, फक्त त्याला सव्वाशे वर्षं लागली.

आधी एक दुरुस्ती. हाडच धरतो असं नाही. २००० साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, प्रोस्टेटचा कॅन्सर असलेल्या १,५८९ माणसांच्या शवविच्छेदनांचा. त्यांतल्या ३५ टक्क्यांत रोग रक्तावाटे लांब पसरला होता. त्या पसरलेल्यांपैकी ४६ टक्क्यांच्या फुप्फुसात तो सापडला, २५ टक्क्यांच्या यकृतात. आणि हाडात? ९० टक्क्यांच्या. म्हणजे इतर घरांची दारंही तो वाजवतो, पण मुक्काम हाडात ठरलेला. तेव्हा प्रश्न बरोबरच आहे.

वाट कोणती, ते तुमच्या विहिरीवरूनच सांगते. पंपाला एनआरव्ही बसवलेला असतो, लाइट गेली की पाइपातलं पाणी उलटं विहिरीत पडू नये म्हणून. आपल्या पायांतल्या शिरांत तशाच झडपा असतात, म्हणून रक्त वर हृदयाकडेच चढतं. पण ओटीपोटातल्या शिरांना जोडून मणक्यांभोवती शिरांचं एक जाळं आहे, त्यात झडपाच नाहीत. १९४० साली फिलाडेल्फियात ऑस्कर बॅटसन नावाच्या शरीररचनाशास्त्रज्ञाने शवाच्या लिंगावरच्या शिरेत एक्स-रेवर दिसेल असं द्रव्य सोडलं आणि फोटो काढले. ते मुकाट हृदयाच्या वाटेने जाईल अशी अपेक्षा होती. ते कमरेच्या हाडात आणि मणक्यांभोवतीच्या जाळ्यात शिरलं. जिवंत माणूस खोकतो, कुंथतो, केळीचा घड खांद्यावर घेतो तेव्हा पोटात दाब वाढतो आणि तिथलं रक्त या बिनझडपांच्या जाळ्यात मागे लोटलं जातं. त्यात गाठीपासून सुटलेली पेशी असली तर तीही मणक्यापाशी पोचते. कमरेचे मणके आधी का सापडतात त्याचं निम्मं उत्तर हे.

उरलेलं निम्मं पाइपलाइनने सुटत नाही. अण्णांची बरगडी या वाटेवर नीट बसत नाही. आणि गुदाशय तर प्रोस्टेटला चिकटून आहे, पण त्याचा कॅन्सर बहुतेक यकृताकडे जातो. शेजार एक, सासुरवाडी वेगळी.

हे कोडं बॅटसनच्याही आधी लंडनच्या स्टीफन पॅजेट या सर्जनला पडलं होतं. १८८९ साली त्याने स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ बायकांच्या नोंदी चाळल्या. यकृतात गाठी २४१ जणींच्या, प्लीहेत फक्त १७ जणींच्या. प्लीहेला रक्त काही कमी जात नाही. नुसत्या प्रवाहाने पेशी पडत असत्या तर एवढा फरक दिसला नसता. तो म्हणाला, झाड बी सगळीकडे उधळतं, पण रुजतं ते मानवेल त्या मातीतच. तेव्हापासून ‘बी आणि माती’ हा या विषयातला परवलीचा शब्द झाला. तुम्ही केळीवाले, तुमचा बियाशी संबंध नाही, तुम्ही कंद लावता नाहीतर टिश्यूची रोपं आणता. पण तापीकाठच्या काळ्या जमिनीतला घड आणि मुरमाड जमिनीतला घड मी तुम्हाला सांगायला नको.

मग हाडाच्या मातीत असं काय आहे? मटणाच्या नळीतला मगज सगळ्यांनी चोखलेला असतो, तिथून सुरुवात करू. हाड म्हणजे भरीव दगड नव्हे. मोठ्या माणसात मणके, कमरेचं रुंद हाड, बरगड्या, मांडीच्या हाडाचं वरचं टोक इथे लाल मगज असतो आणि तिथे रात्रंदिवस रक्त तयार होतं. रक्त बनवणाऱ्या मूळ पेशींना तिथे बसायला ठरावीक जागा असतात. त्या जागी हाड बांधणाऱ्या पेशी सीएक्ससीएल-१२ नावाचं एक प्रथिन सोडतात, आणि मूळ पेशींच्या अंगावर ते ओळखणारा आकडा असतो, सीएक्ससीआर-४. त्या वासावर पेशी घरी येते आणि आकडा अडकवून बसते.

प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या पेशींच्या अंगावरही हाच आकडा सापडला. अमेरिकेत मिशिगनमध्ये रसेल टाइचमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे धरून काम केलं. २०११ साली त्यांनी उंदरांत दाखवलं, की कॅन्सरची पेशी नुसती मगजात येऊन पडत नाही, ती मूळ पेशीची जागाच बळकावते आणि तिला उठवून रक्तात ढकलते. मगज दान करणाऱ्याला जे औषध देऊन मूळ पेशी रक्तात उतरवतात, त्याच औषधाने उंदरांत कॅन्सरच्या पेशीही जागेवरून हलल्या. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा चहा गार झाला. आयुष्यभर मी स्लाइडवर कॅन्सरच्या पेशी शोधल्या, त्यांच्या बाजूचं हाड माझ्या लेखी रिकामी जागा होती. चोराचा फोटो रोज बघायचे, घरमालकाकडे कधी पाहिलंच नाही.

आता तीन वर्षांचा हिशेब. ऑपरेशनच्या दिवशी अण्णांची ग्रंथी काढली, पण काही पेशी त्याआधीच निघून मगजात जाऊन बसल्या असणार. गाठ ग्रंथीतच आहे असं सगळ्या तपासण्या सांगत असतानाही मगजात तुरळक पेशी सापडतात, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. सापडलेली प्रत्येक पेशी पुढे गाठ करते असंही नाही. त्या झोपतात. लव्हाळा वरून कितीही खुरपा, खाली जमिनीत गाठी राहतात आणि एखाद्या पाण्याला उठतात, तसं काहीसं. गंमत अशी, की हाड बांधणाऱ्या पेशींजवळ बसल्यामुळेच त्यांना झोप लागते असं प्रयोगांत दिसतं. जी माती पुढे रुजवते तीच आधी निजवते. विभाजन थांबलेल्या पेशीवर नेहमीचं केमो फारसं चालत नाही, कारण ते एकीच्या दोन होणाऱ्या पेशीला गाठतं. त्यांना कायम निजवून ठेवावं की उठवून मारावं, यावर संशोधकांचे दोन तट आहेत. माझं मत विचाराल तर, झोपलेल्या नागाला डिवचू नये या पक्षाची मी.

तेव्हा ऑपरेशन करणाऱ्याने काही मागे ठेवलं, असा संशय तुमच्या पत्रात दोनदा डोकावतो, तो काढून टाका.

प्रश्न : सुई टोचून तुकडा काढला म्हणूनच पसरला, असं आमच्याकडे सगळे म्हणतात. खरं काय? (चाळीसगाव)

नाही. वर लिहिलं तसं पेशींचा प्रवास सुई लागण्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. प्रोस्टेटमध्ये सुईच्या वाटेवर गाठ उगवणं अतिशय दुर्मिळ आहे. आणि तुकडा न बघता ती गाठ किती आडदांड आहे हे कळणार कसं? ‘चाकू लागला की उधळतो’ हे वाक्य मी लग्नांच्या पंगतींत, दहाव्यांना, एसटीत, सगळीकडे ऐकलंय. बहुतेक वेळा गाठ आधीच उधळलेली असते, बोट मात्र तुकडा काढणाऱ्याकडे जातं.

प्रश्न : ह्यांच्या रिपोर्टात मणक्यात ‘हाड दाट झालं आहे’ असं आलंय. हे खूश झाले, म्हणाले माझं हाड अजून भक्कम होतंय. डॉक्टर मात्र म्हणतात जपून राहा, मोडेल. दाट झालं तर मोडेल कसं? हाड वाढतंय म्हणून दूध बंद केलंय, बरोबर ना? आणि इंजेक्शन सुरू केल्यावर पीएसए उतरला, तरी स्कॅनमध्ये डाग वाढले, हे कोणतं गणित? (धुळे)

ताई, आधी दूध सुरू करा. चहात नव्हे, पेल्यात.

हाडात रोज दोन टोळ्या काम करतात, एक जुनं फोडते, एक नवं बांधते. बऱ्याच कॅन्सरांत फोडणाऱ्या टोळीला जोर चढतो आणि एक्स-रेवर हाडाला भोकं दिसतात. प्रोस्टेटचा कॅन्सर उलटा चालतो. त्याच्या पेशी अशी रसायनं सोडतात की बांधणाऱ्यांना ऊत येतो, आणि एक्स-रेवर मणका खडूसारखा पांढरा उठतो. २०१७ साली तर ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरच्या संशोधकांनी दाखवलं, की या कॅन्सरमधल्या एका प्रथिनामुळे गाठीतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशीही वेश बदलून हाड बांधायला लागू शकतात. गवंडी कमी पडले म्हणून पाणक्याला थापी दिली.

पण बांधकाम कसलं, ते बघा. चांगल्या हाडात थर एकावर एक, ओळीत असतात. गवंडी सांधेमोड करून विटा लावतो तसे. कॅन्सरच्या नादाने बनलेलं हाड म्हणजे उक्तं काम दिलेल्या गवंड्याची भिंत. माल भरपूर ओतलाय, विटेवर वीट सरळ चढवलीय, सांधा सांध्यावर आलाय. दिसायला जाड, धक्का बसला की उभी चिरते. शिवाय त्याच्या शेजारी फोडणारी टोळीही गुपचूप कामाला असते, आणि हाड फुटताना त्यातून सुटणारी वाढीची द्रव्यं कॅन्सरच्या पेशींना खुराक होतात. पेशी हाडाला चेतवतात, हाड पेशींना पोसतं. वरून पुरुषी हार्मोन बंद करणारं इंजेक्शन अंगातली बाकीची हाडंही विरळ करतं. म्हणून तुमच्या ह्यांना सांगा, भक्कम वगैरे काही नाही. गिरणीवरून दळणाचा डबा त्यांनी आणायचा नाही.

फोडणाऱ्या टोळीला आवरणारी दोन औषधं वापरात आहेत, झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड आणि डेनोसुमॅब. पहिल्याचा ६४३ रुग्णांवरचा अभ्यास २००२ साली आला. सव्वा वर्षात हाड मोडणं, मणका दबणं, हाडासाठी रेडिएशन लागणं अशा गोष्टी औषध न घेतलेल्या १०० पैकी ४४ जणांना झाल्या, घेतलेल्या ३३ जणांना. रोग यातून बरा होत नाही, मोडतोड कमी होते. हे सुरू करण्याआधी दात दाखवून घ्या. किडका दात आधीच काढून टाकायचा, कारण औषध चालू असताना दात उपटला तर जबड्याचं हाड उघडं पडून चिघळू शकतं. याच औषधांनी रक्तातलं कॅल्शियम खाली जातं, म्हणूनही दूध, आणि डॉक्टरांनी दिलेल्या कॅल्शियम-डी जीवनसत्त्वाच्या गोळ्या.

स्कॅनचं गणित सोपं आहे. बोन स्कॅनमध्ये टेक्नेशियम लावलेलं एक फॉस्फेट टोचतात आणि ते जिथे नवं हाड बनतंय तिथे चिकटतं. म्हणजे स्कॅनला कॅन्सर दिसत नाही, हाडाने दिलेलं उत्तर दिसतं. उपचार लागू पडले की जखमी हाड भरून यायला लागतं, तेव्हाही नवं हाड बनतं, आणि काही महिने डाग वाढल्यासारखे भासतात. पीएसए उतरतोय, दुखणं कमी आहे, तर घाबरून औषध बदलायला लावू नका, पुढचा स्कॅन येऊ द्या. जुना मुका मार, झिजलेला गुडघा हेही त्यात चमकतात. ह्यांचा गुडघा चमकला असेल तर तो कापसाच्या गाडीवरून पडल्याचाही असेल, तुम्हीच लिहिलंय ते.

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. हाडातल्या कॅन्सरवर संशोधन नेमकं कशावर करतात? उंदरांना प्रोस्टेटचा कॅन्सर होतो का? आणि तुम्ही स्वतः असं हाड पाहिलंय का? (शहादा)

तुझा प्रश्न शेवटी घेतला, कारण मला तो सगळ्यात आवडला.

उंदरांना हा कॅन्सर आपणहून जवळजवळ होतच नाही. माणसाशिवाय तो बऱ्यापैकी होतो कुत्र्यांना, आणि त्यांच्यातही तो हाडात जातो. पण प्रयोगशाळेत बिचारा उंदीरच. प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदराच्या हृदयाच्या डाव्या कप्प्यात किंवा थेट नडगीच्या हाडात माणसाच्या कॅन्सरपेशी टोचतात. या पेशी बाटलीत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या असतात. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध जात पीसी-३, १९७९ साली जगापुढे आली, एका ६२ वर्षांच्या माणसाच्या मणक्यातल्या गाठीतून काढलेली. आता यातली मेख बघ. माणसात हा कॅन्सर हाड बांधतो म्हटलं ना? पीसी-३ उंदराच्या हाडाला भोकं पाडते. वर्षानुवर्षं कितीतरी प्रयोग या उलट्या वागणाऱ्या पेशीवर झाले. तेव्हा ‘उंदरांत अमुक औषधाने हाडातला कॅन्सर गेला’ अशी बातमी वाचलीस की पहिला प्रश्न विचारायचा : कोणत्या पेशी?

दुसरा रस्ता माणसांचा. काही रुग्ण जिवंतपणी लिहून देतात, की मी गेल्यावर काही तासांत माझं शवविच्छेदन करा, सगळ्या गाठींचे तुकडे घ्या. २०१५ साली ‘नेचर’मध्ये १० रुग्णांच्या अशा अनेक गाठींच्या जनुकांचा अभ्यास आला. त्यातून दिसलं की प्रत्येक गाठ थेट प्रोस्टेटमधून निघालेली नसते. एका हाडातल्या गाठीतून पेशी निघून दुसऱ्या हाडात जातात, कधी एकापेक्षा जास्त कुळांच्या मिळून. केळीच्या बुंध्याला पिलं फुटतात आणि त्या पिलांना पुन्हा पिलं. त्या दहा माणसांची नावं कोणाला ठाऊक नाहीत.

तू केमिस्ट्रीवाला आहेस म्हणून एक. आवर्तसारणीत कॅल्शियमच्या उभ्या रांगेत तळाशी कोण आहे? रेडियम. हाडाला दोघांतला फरक नीट कळत नाही. जिथे नवं हाड बनतंय तिथे ते रेडियमही उचलतं. रेडियम-२२३ शिरेतून दिलं की ते नेमकं त्या पांढऱ्या, घाईघाईने बांधलेल्या हाडात जाऊन बसतं आणि अल्फा कण सोडतं. त्यांचा पल्ला मिलीमीटरच्या दहाव्या हिश्शाहून कमी, म्हणून बाजूच्या मगजाला तुलनेने कमी इजा. ९२१ रुग्णांच्या चाचणीत मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण जिथवर जगले तो काळ) ११.३ महिन्यांवरून १४.९ वर गेलं, आणि २०१३ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. साडेतीन महिने. थोडे वाटतात, मलाही वाटले. पण बी सोडून मातीवर नेम धरणारं औषध आयुष्य वाढवू शकतं, हे त्याने दाखवलं.

आता तुझा शेवटचा प्रश्न. हो, पाहिलंय, आणि घरातलं पाहिलंय.

माझे सासरे, नाना, पारोळ्याजवळच्या खेड्यात शेती करायचे. सत्तरी ओलांडल्यावर कंबर धरली. “कंबर दुखस वं माय,” म्हणायचे. मी पट्टा आणून दिला, दुखायच्या गोळ्या दिल्या. रात्री लघवीला चार-पाचदा उठतात हे मला सासूबाईंनी सांगितलं होतं. दोन्ही गोष्टी मला ठाऊक होत्या, पाच महिने ठाऊक होत्या, आणि त्या मी एकमेकींशेजारी ठेवल्या नाहीत. पॅथॉलॉजिस्ट सुनेने. अखाजीला गावी गेले तेव्हा ओट्यावरून उतरताना त्यांनी भिंत धरली आणि म्हणाले, “मना पाय मना वाटतस नही.” त्या रात्रीच धुळ्याला आणलं. पीएसए तीन आकडी निघाला, हाड बांधण्याचा जोर दाखवणारं रक्तातलं अल्कलाइन फॉस्फटेजही चढलेलं. वृषणं काढायचं छोटं ऑपरेशन झालं. पुरुषी हार्मोन बंद केला की हा कॅन्सर मागे हटतो, हे त्यामागचं तत्त्व चार्ल्स हगिन्सने १९४१ साली दाखवलं आणि १९६६ ला त्यासाठी नोबेल मिळवलं, पण भाऊबंदांत ‘नानांना खच्ची केलं’ एवढीच बातमी झाली. नानांनी दुखणं आठ दिवसांत उतरलं याकडे बघितलं, बातमीकडे नाही. त्यानंतर साडेतीन वर्षं जगले.

कमरेच्या हाडातून काढलेला तुकडा आमच्याच लॅबमध्ये आला होता. मगजाच्या तुकड्याला हाड असल्यामुळे तो तसाच कापता येत नाही, ब्लेडची धार जाते. आधी फॉर्मिक अ‍ॅसिडमध्ये ठेवून चुना काढावा लागतो. एरवी अशा तुकड्यात सुई दोन दिवसांत आरपार जाते. नानांच्या तुकड्यात चौथ्या दिवशीही कच्‌ असा आवाज येत होता. तेव्हाच कळलं. स्लाइड रंगवल्यावर जुन्या हाडाच्या गुलाबी पट्ट्या दिसल्या, त्यांच्या अंगावर नवं हाड ओबडधोबड लिंपलेलं, शेणाने घाईत सारवल्यासारखं, आणि मधल्या फटींत आठ-दहा पेशींचे बारीक पुंजके. मगज जवळजवळ नाहीच. कॅन्सर इतकासा आणि हाडाचा पसारा केवढा. रिपोर्टवर मी सही केली नाही, सहकाऱ्याकडून करून घेतली. घरच्या माणसाच्या स्लाइडवर सही करू नये असा आमच्याकडे रिवाज आहे, आणि हातही स्थिर नव्हता.

ती स्लाइड माझ्याकडे आहे. जुना मायक्रोस्कोप जेवणाच्या टेबलावर असतो, त्यामुळे घरचे कटकट करतात. तुला बघायची असेल तर बुधवार सोडून कधीही ये. सकाळची दोंडाईचावरून येणारी एसटी धरलीस तर अकरापर्यंत पोचशील. संपादकांकडून पत्ता घे. आधी हाड बघायला लावीन, पेशी नंतर. आणि शहाद्याचा आहेस म्हणून पपया उचलून आणू नकोस, आमच्याकडे कोणी खात नाही.